सॉफ्टवेअर मुळासकट काढायचं असेल तर ते टाकण्याआधी काय करावं

आमच्याकडे कॉम्प्युटरची काहीही तक्रार असो, पहिला सल्ला ठरलेला: "फॉरमॅट मारून टाक नं भाऊ." हळू चालतो, मारा फॉरमॅट. प्रिंटर ऐकत नाही, मारा फॉरमॅट. मीही कित्येक वर्षं तेच केलं. यवतमाळ जिल्ह्यात आर्णीच्या पुढे एका गावात माझं सेवा केंद्र आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक स्कॅनर आणि अंगठ्याचं यंत्र, एवढा पसारा. फॉरमॅट मारला की अख्खा दिवस जातो. विंडोज, ड्रायव्हर (प्रिंटर-स्कॅनरसारखी यंत्रं विंडोजला चालवता यावीत म्हणून लागणारे प्रोग्राम), मराठी टायपिंग, फॉन्ट, डिजिटल सहीचं टोकन, सगळं पहिल्यापासून टाकायचं, तेही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आणि मधे लाइट गेली नाही तर.

माझी खोड मोडली ती एका जूनमध्ये. जुनं अंगठ्याचं यंत्र बदलून दुसऱ्या कंपनीचं घेतलं होतं. जुन्याचं सॉफ्टवेअर आता कशाला ठेवायचं, म्हणून प्रोग्राम फाइल्समध्ये गेलो आणि त्याचं फोल्डर शिफ्ट दाबून डिलीट केलं. 'फाइल वापरात आहे' असं सांगत ते अडून बसलं, तर टास्क मॅनेजरमधून तो प्रोग्राम बंद केला आणि पुन्हा डिलीट मारलं. मोठा पराक्रम केला असं वाटलं. दुसऱ्या दिवशी ओट्यावर पंधरा-वीस माणसं बसलेली, आणि नवं यंत्र लाल दिवा लावून नुसतं पाहत बसलेलं. रांगेतल्या पहिल्या काकांनी चार वेळा अंगठा ठेवला आणि म्हणाले, "काहून बावा, तुह्यी मशीन मले ओळखून नाही राह्यली?"

झालं असं होतं. अंगठ्याच्या यंत्राचं सॉफ्टवेअर, ज्याला आपण आरडी सर्व्हिस म्हणतो, कॉम्प्युटर चालू झाला की मागे गुपचूप चालू होतं आणि कॉम्प्युटरच्याच आत ११,१०० ते ११,१२० या क्रमांकांच्या पोर्टपैकी (पोर्ट म्हणजे प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायची क्रमांकाची खिडकी) एकावर कान लावून बसतं. वेबसाइटचं पान त्या पोर्टवर 'आहे का कोणी?' असं विचारत जातं. मी उडवलं ते फक्त वरचं फोल्डर. उत्तर देणारा तुकडा दुसऱ्याच ठिकाणी होता, तो रोज सकाळी उठत होता आणि नव्या यंत्राच्या आधी 'मी आहे, पण यंत्र जोडलेलं नाही' असं सांगत होता. पान त्याच्याच उत्तराला धरून बसायचं. शिवाय सॉफ्टवेअर काढणारा प्रोग्राम मी स्वतःच्या हातानं फोल्डरसोबत उडवलेला, त्यामुळे यादीतून 'अनइन्स्टॉल' दाबलं तरी काही होईना. शेतातला कुंदा वरून कापला की चार दिवसांत पुन्हा डोकं काढतो, तसा प्रकार.

तेव्हापासून जी पद्धत बसवली ती खाली देतोय. विंडोज १० आणि ११ धरून लिहिलंय. स्क्रीनवरची नावं मी इथे देवनागरीत लिहितो, तुम्हाला ती इंग्रजीत दिसतील आणि टाइपही इंग्रजीतच करायची आहेत.

एक प्रोग्राम किती ठिकाणी बसतो

सेटअप चालवला की बहुतेकांना वाटतं, एक फोल्डर तयार झालं आणि डेस्कटॉपवर एक चिन्ह आलं, बस. प्रत्यक्षात मुख्य फाइल्स सी ड्राइव्हच्या प्रोग्राम फाइल्समध्ये किंवा, प्रोग्राम ३२ बिटचा असेल तर, प्रोग्राम फाइल्स एक्स ८६ मध्ये जातात. सगळ्या वापरणाऱ्यांना सामाईक लागणारं सामान प्रोग्रामडेटा या लपलेल्या फोल्डरमध्ये जातं. तुमच्या एकट्याच्या सेटिंग्ज तुमच्या नावाच्या फोल्डरातल्या अ‍ॅपडेटामध्ये जातात, आणि त्यातही लोकल व रोमिंग असे दोन मुख्य कप्पे. अ‍ॅपडेटाही लपलेलं असतं. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेन्यूत 'हिडन आयटम्स'वर टिक करा, मग ही दोन्ही फोल्डरं दिसतील.

याशिवाय रजिस्ट्री. विंडोजची ही मोठी खतावणी समजा. कुठली फाइल कुठल्या प्रोग्राममध्ये उघडायची, चालू होताना काय काय सुरू करायचं, काढायच्या यादीत कोणाचं नाव दाखवायचं, सगळं तिच्यात. नवशिक्याला दोनच खाती माहीत असली तरी पुरे: 'एचकी लोकल मशीन' म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरचं आणि 'एचकी करंट युजर' म्हणजे आत्ता बसलेल्या माणसाचं. दोन्हींच्या आत 'सॉफ्टवेअर' नावाची शाखा असते आणि तिच्यात कंपन्यांच्या नावांच्या उपशाखा.

पुढे आहेत सर्व्हिस, म्हणजे मागे चालणारे प्रोग्राम. टास्क शेड्युलरमधली ठरावीक वेळेची कामं. ड्रायव्हर. फॉन्ट. एखाद्याला ब्राउझरमध्येही एक्स्टेन्शन घुसवायची हौस असते. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलेली अ‍ॅप त्या मानानं शहाणी, आपापल्या बंद खोलीत राहतात आणि काढली की बहुतेक सामान घेऊन जातात. त्यांच्यासाठी एवढा खटाटोप करू नका.

काढणाऱ्या प्रोग्रामला काय माहीत असतं

हे नीट समजून घ्या, पुढची सगळी पद्धत यावरच उभी आहे. सेटअप बनवायच्या दोन-तीन रूढ पद्धती आहेत आणि प्रत्येकीची स्मरणशक्ती वेगळी.

इनो सेटअप नावाच्या साधनानं बनवलेला प्रोग्राम असेल तर त्याच्या फोल्डरात 'अनइन्स ०००' नावाच्या दोन फाइल्स दिसतात. एक 'ईएक्सई', दुसरी 'डॅट'. डॅटमध्ये सेटअपनं काय काय केलं त्याची नोंद असते, आणि ईएक्सई ती नोंद वाचून उलट्या दिशेनं काढत जाते. फोल्डर हातानं उडवलं म्हणजे वही जाळली.

दुसरी पद्धत 'एमएसआय'ची. तिच्या नोंदी स्वतः विंडोज ठेवते, आणि काढताना लागणारी फाइल सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरात 'इन्स्टॉलर' नावाच्या लपलेल्या फोल्डरात जपून ठेवलेली असते. हे फोल्डर पुष्कळदा कित्येक जीबी फुगतं. डिस्क भरली म्हणून कोणी तुम्हाला ते रिकामं करायला सांगितलं तर ऐकू नका. त्यानंतर ते प्रोग्राम ना दुरुस्त होतात, ना निघतात.

तिसऱ्या पद्धतीत सेटअप बनवणाऱ्यानं काढायची यादी स्वतः लिहिलेली असते. तो नीटनेटका असेल तर सगळं निघतं, आळशी असेल तर अर्धं राहतं.

पद्धत कुठलीही असो, एक गोष्ट समान आहे. काढणारा प्रोग्राम सहसा सेटअपनं ठेवलेलंच उचलतो. नंतर वापरताना जे तयार झालं, म्हणजे सेटिंग्ज, लॉग, तात्पुरत्या फाइल्स, स्वतःहून आलेले अपडेट, त्यातलं पुष्कळ मागे राहतं. काही वेळा हे मुद्दाम असतं आणि ते बरंच असतं. हिशेबाचं सॉफ्टवेअर काढल्यावर चार वर्षांचा हिशेबही गेला तर कृषी केंद्रवाला तुमच्या दारात येऊन बसेल.

पहिलं काम: वही

हसू नका, खरोखरची कागदी वही. कॉम्प्युटर चालूच होत नसेल तेव्हा कॉम्प्युटरमधली नोंद काय कामाची? दोनशे पानी वही घ्या, प्रत्येक कॉम्प्युटरला अर्धी द्या. नवं काही टाकायच्या आधी तारीख लिहा. मग प्रोग्रामचं नाव व आवृत्तीचा आकडा, सेटअपची फाइल कुठून आणली, टाकताना काय काय टिक केलं, सोबत आणखी काय आलं, आणि कोणाच्या सांगण्यावरून टाकलं. शेवटचा रकाना मी नंतर वाढवला. "हे कोणी टाकलं?" असं विचारलं की केंद्रावरचा पोट्टा माझ्याकडे पाहतो आणि मी त्याच्याकडे.

माझ्या वहीतलं स्कॅनरचं पान असं आहे: 'स्कॅनरचा ड्रायव्हर, सेटअप डी ड्राइव्हवर सेटअप-जपून या फोल्डरात. कस्टम निवडलं. फोटो अल्बमचं टिक काढलं, टूलबारचं टिक काढलं. तरी सोबत आलं: पीडीएफ वाचणारा एक, अपडेट तपासणारा एक. रीस्टार्ट मागितला, दिला.' चार ओळी आहेत, पण सहा महिन्यांनी ते अपडेट तपासणारं भूत सापडलं तेव्हा ते कोणासोबत आलं हे मला पाच सेकंदांत कळलं.

दोन सवयी यासोबतच लावून घ्या. सेटअप चालवताना 'एक्सप्रेस' किंवा 'रेकमेंडेड' सोडून 'कस्टम' निवडा आणि प्रत्येक पान वाचून पुढे जा. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला 'नको' म्हणावं तसं तिथे म्हणावं लागतं, नाहीतर पानात पडतंच. दुसरी सवय, सेटअपची फाइल काम झाल्यावर उडवू नका. डी ड्राइव्हवर किंवा पेन ड्राइव्हवर ठेवा. ती पुढे किती कामी येते ते शेवटी सांगतो.

दुसरं काम: रिस्टोअर पॉइंट

स्टार्टमध्ये 'रिस्टोअर' टाइप केलं की 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' दिसतं. ते उघडा. सी ड्राइव्हसमोर 'ऑफ' लिहिलेलं असेल, आणि पुष्कळ कॉम्प्युटरवर ते असतंच, तर 'कॉन्फिगर'मध्ये जाऊन चालू करा व खालची पट्टी पाच ते दहा टक्क्यांवर आणा. मग 'क्रिएट' दाबून ओळखू येईल असं नाव द्या. 'स्कॅनरच्या आधी' एवढं पुरे.

टाकलेलं सॉफ्टवेअर त्याच दिवशी नकोसं झालं तर याहून सोपा उपाय नाही. 'सिस्टिम रिस्टोअर' दाबा, तो पॉइंट निवडा, आणि पुढे जायच्या आधी 'स्कॅन फॉर अफेक्टेड प्रोग्राम्स' जरूर दाबा. कुठले प्रोग्राम जाणार, कुठले परत येणार, त्याची यादी दिसते. तुमची कागदपत्रं, फोटो याला धक्का लागत नाही.

पण हा उपाय ताज्या चुकीसाठीच. तीन आठवड्यांनी मागे गेलात तर मधल्या काळात टाकलेलं बाकीचंही सगळं जाईल, आणि जागा भरली की विंडोज जुने पॉइंट स्वतःहून पुसून टाकते. त्यामुळे याच्या एकट्याच्या भरवशावर बसू नका.

तिसरं काम: आधीचा आणि नंतरचा फोटो

आता मुख्य भाग. कल्पना अगदी तलाठ्याच्या पंचनाम्यासारखी आहे. सॉफ्टवेअर टाकण्याआधी रजिस्ट्री आणि फोल्डरांची पूर्ण नोंद घ्यायची, टाकल्यावर पुन्हा घ्यायची, आणि दोन्हींतला फरक काढायचा. यासाठी रेगशॉट नावाचं छोटंसं साधन आहे. फुकट आणि मुक्त स्रोत, सोर्सफोर्ज या वेबसाइटवर मिळतं. ते इन्स्टॉलही करावं लागत नाही, पेन ड्राइव्हवरून चालतं. आतमध्ये तीन-चार ईएक्सई असतात, त्यातली ६४ बिटची युनिकोड आवृत्ती घ्या.

आधी बाकीचं सगळं बंद करा. ब्राउझर, व्हॉट्सअ‍ॅप, सगळं. सेटअपला इंटरनेट लागणार नसेल तर तेही तोडा. मग रेगशॉटवर उजवं बटण दाबून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करा.

छोटी खिडकी उघडते. 'स्कॅन डिर'समोर टिक करा, नाहीतर ते फक्त रजिस्ट्री पाहील, फाइल्स पाहणार नाही. त्याखालच्या चौकटीत कुठली फोल्डरं तपासायची त्यांचे पत्ते अर्धविराम देऊन लिहायचे. मी दोन्ही प्रोग्राम फाइल्स, प्रोग्रामडेटा आणि माझं अ‍ॅपडेटा एवढी देतो. पूर्ण सी ड्राइव्ह दिला तरी चालतं, पण जुन्या हार्ड डिस्कवर चहा पिऊन, पेपर वाचून होईल तोवर ते संपत नाही. 'आउटपुट पाथ'मध्ये डी ड्राइव्ह किंवा पेन ड्राइव्हचा पत्ता द्या.

आता 'फर्स्ट शॉट' दाबा. एक लहान मेन्यू येईल. त्यात नुसतं 'शॉट' न निवडता 'शॉट अँड सेव्ह' निवडा. नुसता शॉट कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या आठवणीत राहतो. लाइट गेली की तो गेला, सेटअपनं मधेच रीस्टार्ट मागितला तरी गेला. सेव्ह केलेला असेल तर नंतर त्याच मेन्यूतून 'लोड' करता येतो. भारनियमनाच्या गावात ही पायरी चुकवू नका.

शॉट झाला की सेटअप चालवा. टाकून झालं की प्रोग्राम एकदा उघडा, एखादी सेटिंग बदला, बंद करा. अ‍ॅपडेटामधलं फोल्डर बरेचदा पहिल्यांदा उघडल्यावरच तयार होतं, म्हणून हे करायचं. मग 'सेकंड शॉट', आणि शेवटी 'कम्पेअर'. नोटपॅडमध्ये एक यादी उघडेल.

ती यादी पाहून घाबरायचं नाही. पहिल्यांदा मी घाबरलो होतो, कारण एवढ्याशा टायपिंगच्या सॉफ्टवेअरसाठी नोटपॅड खाली सरकवता सरकवता बोट दुखलं. त्यातलं पुष्कळ काही तुमच्या सॉफ्टवेअरचं नसतंच. विंडोज स्वतःच सतत काहीतरी लिहीत असते. तुम्ही कुठला प्रोग्राम कधी उघडला हेही ती 'युजरअसिस्ट' नावाच्या शाखेत टिपते, आणि तिथे नावं तेरा अक्षरं पुढे सरकवून लिहिलेली असतात. त्यामुळे वाचायला गेलं तर निव्वळ अगम्य अक्षरं दिसतात. एका मुलानं ती पाहून मला रात्री दहाला फोन केला होता, 'भाऊ, व्हायरस घुसला'. व्हायरस नाही, विंडोजचीच लपवाछपवी आहे. 'एमयूआयकॅश', 'बॅम', 'प्रीफेच', 'टेम्प' ही नावं ज्या ओळीत दिसतील ती ओळही सोडून द्या.

गोंधळ ओळखायची एक युक्ती सांगतो. एखाद्या निवांत दुपारी काहीही न टाकता पाच मिनिटांच्या अंतरानं दोन शॉट घ्या आणि तुलना करा. जे दिसेल तो तुमच्या कॉम्प्युटरचा रोजचा आवाज. ती यादी जपून ठेवा. पुढे खऱ्या यादीत तेच दिसलं की पुढे जा.

बाकी राहतं त्यात आधी 'अ‍ॅडेड' अशी शीर्षकं पाहा: कीज अ‍ॅडेड, व्हॅल्यूज अ‍ॅडेड, फाइल्स अ‍ॅडेड, फोल्डर्स अ‍ॅडेड. नव्यानं आलेलं तेच आपलं सावज. 'मॉडिफाइड' म्हणजे आधीपासून असलेलं बदललं. त्यातलं काहीही नंतर स्वतः मागे फिरवायला जाऊ नका. ते बदल तुमच्या सॉफ्टवेअरचे किती आणि विंडोजचे किती, हे सांगणं अवघड असतं.

अ‍ॅडेडमध्ये चार शब्द शोधा. नोटपॅडमध्ये कंट्रोल आणि एफ दाबून शोधता येतात. 'अनइन्स्टॉल' सापडलं की काढायच्या यादीत कुठली नावं चढली ते कळतं. एक टाकलं आणि तीन चढली, असंही होतं. 'रन' सापडलं की कॉम्प्युटरसोबत काय चालू होणार ते कळतं. 'सर्व्हिसेस' हा सगळ्यात महत्त्वाचा, कारण अंगठ्याच्या यंत्राचा माझा घोळ तिथेच होता. सर्व्हिसच्या ओळी दोन-दोनदा दिसतील, एकदा 'कंट्रोलसेट ००१' खाली आणि एकदा 'करंटकंट्रोलसेट' खाली. दुसरं नाव म्हणजे पहिल्याचंच दार आहे, सर्व्हिस एकच. चौथा शब्द 'टास्ककॅश', त्यावरून टास्क शेड्युलरमध्ये काही घुसलं का ते समजतं.

सापडलेलं सगळं वहीत उतरवू नका. सर्व्हिसचं नाव, फोल्डरांचे पत्ते आणि रजिस्ट्रीतल्या वरच्या शाखेचं नाव एवढंच लिहा. पूर्ण यादीची फाइल सेटअपच्या शेजारी ठेवा.

पैसे टाकून हे सगळं आपोआप करणारी साधनंही आहेत. रेव्हो अनइन्स्टॉलरची प्रो आवृत्ती सेटअप चालू असतानाच लक्ष ठेवते आणि नंतर त्या नोंदीवरून काढते. टोटल अनइन्स्टॉल हेही आधी-नंतरच्या फोटोवर चालतं. दिवसाला चार कॉम्प्युटर हाताळत असाल तर घ्या. एका केंद्रासाठी रेगशॉट आणि वही बस झाली. फक्त हे ध्यानात ठेवा की रेगशॉट सांगतो, काढत नाही. काढायचं काम तुमचं.

नुसतं पाहायचं असेल की हे सॉफ्टवेअर आहे तरी कसं, आणि तुमची विंडोज प्रो असेल, तर विंडोज सँडबॉक्स वापरा, म्हणजे विंडोजच्या आतच एका खिडकीत उघडणारी तात्पुरती, वेगळी विंडोज. खिडकी बंद केली की आतलं सगळं नाहीसं होतं. होम आवृत्तीत तो नाही. चार जीबी रॅमच्या कॉम्प्युटरवर त्याच्या वाटेला जाऊ नका.

काढायची वेळ आली की

आधी डेटा. हिशेब, यादी, टाइप केलेले अर्ज, जे त्या सॉफ्टवेअरमध्ये असेल ते दुसरीकडे उतरवा आणि उघडून पाहा. मग घड्याळाजवळच्या चिन्हांमध्ये तो प्रोग्राम बसलेला असेल तर तिथून बंद करा. यंत्राचं सॉफ्टवेअर असेल तर यंत्राची वायर काढा.

आता सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्समधून त्याचाच अनइन्स्टॉल चालवा. ज्यानं टाकलं त्यालाच आधी काढू द्यायचं, हा क्रम बदलू नका. वहीत सोबत आलेली नावं असतील तर तीही इथेच काढा. झालं की रीस्टार्ट. वापरात असलेल्या काही फाइल्स रीस्टार्ट होतानाच निघतात, म्हणून त्याआधी उरलंसुरलं शोधण्यात अर्थ नाही.

रीस्टार्टनंतर वही उघडा आणि एकेक पत्ता तपासा. फोल्डर उरलं असेल आणि त्यात तुमचा डेटा नसेल तर डिलीट करा. रजिस्ट्रीतली शाखा उरली असेल तर 'रेजएडिट' (रजिस्ट्री पाहायचं विंडोजचंच साधन) उघडा, त्या शाखेवर उजवं बटण दाबून आधी 'एक्स्पोर्ट' करा, फाइल जपून ठेवा आणि मगच डिलीट करा. काही बिघडलं तर त्या फाइलवर डबल क्लिक केलं की शाखा परत येते. शाखा कंपनीच्या नावाची असेल आणि त्याच कंपनीचं दुसरं काही कॉम्प्युटरवर असेल, तर अख्खी शाखा न काढता फक्त त्या प्रोग्रामची उपशाखा काढा.

सर्व्हिस उरली असेल तर कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि 'एससी स्टॉप' पुढे सर्व्हिसचं नाव, मग 'एससी डिलीट' पुढे तेच नाव द्या. नाव म्हणजे सर्व्हिसेसच्या यादीत दिसणारं लांबलचक नव्हे. त्या ओळीवर डबल क्लिक केल्यावर सगळ्यात वर 'सर्व्हिस नेम' म्हणून दिसतं ते. नावात मोकळी जागा असेल तर अवतरणचिन्हांत लिहा.

शेवटी ऑटोरन्स चालवून पाहा. मार्क रुसिनोविच यांच्या सिसइंटर्नल्स संचातलं हे साधन, २००६ पासून मायक्रोसॉफ्टकडेच आहे. फुकट. कॉम्प्युटरसोबत काय काय चालू होतं याची यादी ते दाखवतं, आणि ज्या नोंदीची फाइलच सापडत नाही ती पिवळी करतं. तुमच्या काढलेल्या सॉफ्टवेअरचं नाव पिवळ्यात दिसलं तर ती नोंद टिक काढून बंद करा, आठवडाभर काही अडलं नाही की डिलीट करा. पिवळं दिसलं म्हणून सरसकट सगळं मात्र उडवायचं नाही.

काय काढू नये तेही सांगतो. 'व्हिज्युअल सी प्लस प्लस रिडिस्ट्रिब्युटेबल' या नावाच्या आठ-दहा ओळी यादीत दिसतात. एकसारख्या दिसतात म्हणून लोक एक ठेवून बाकीच्या काढतात, आणि मग भलतेच प्रोग्राम उघडेनासे होतात. प्रत्येक वर्षाची आवृत्ती वेगळ्या प्रोग्रामला लागते. 'कॉमन फाइल्स' आणि 'सिस्टिम ३२' यांतल्या फाइल्सना, त्या रेगशॉटच्या यादीत नव्या म्हणून दिसल्या तरी, हातानं हात लावू नका. आणि एका क्लिकमध्ये रजिस्ट्री साफ करून देतो म्हणणारी साधनं तर दारातूनच परत पाठवा. मायक्रोसॉफ्टनं स्पष्ट सांगितलंय की रजिस्ट्री क्लीनरच्या वापराला ते पाठिंबा देत नाहीत. त्या साफसफाईनं वेगात पडलेला फरक मला तरी कधी जाणवला नाही.

प्रिंटरचं दुखणं थोडं वेगळं. प्रिंटर 'रिमूव्ह' केला तरी त्याचा ड्रायव्हर विंडोज सांभाळून ठेवते, आणि वायर जोडली की तोच बिघडलेला ड्रायव्हर पुन्हा बसवते. विंडोजचं बटण आणि आर दाबा, 'प्रिंटयूआय' लिहा, मोकळी जागा, तिरकी रेघ आणि एस, मोकळी जागा, तिरकी रेघ आणि टी २. जी खिडकी उघडेल तिच्यात ड्रायव्हर्सचं पान असतं. तिथून 'रिमूव्ह ड्रायव्हर अँड ड्रायव्हर पॅकेज' निवडा. वापरात आहे म्हणालं तर प्रिंट स्पूलरची, म्हणजे छापायच्या कामांची रांग सांभाळणारी सर्व्हिस रीस्टार्ट करून लगेच पुन्हा करा.

शाळेच्या लॅबमध्ये विंडोजऐवजी उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) असेल तर बरीच कटकट वाचते, कारण तिथे पॅकेजची नोंद यंत्रणाच ठेवते. 'डीपीकेजी', मोकळी जागा, उणे चिन्ह आणि मोठा एल, पुढे पॅकेजचं नाव दिलं की त्यानं कुठे कुठे फाइल्स ठेवल्या ते दिसतं. काढताना 'रिमूव्ह'ऐवजी 'पर्ज' वापरलं तर यंत्रणेतल्या सेटिंग्जही जातात. मुलांच्या होम फोल्डरातल्या तेवढ्या राहतात. सोर्सवरून, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ कोडवरून 'मेक इन्स्टॉल' करायची हौस असेल तर त्याऐवजी 'चेकइन्स्टॉल' वापरा. ते त्याचं पॅकेज बनवून देतं आणि मग नेहमीसारखं काढता येतं.

नोंदच नसेल तर

हे वाचणाऱ्या बहुतेकांच्या कॉम्प्युटरवर आत्ताच तीस-चाळीस प्रोग्राम असतील आणि वही कोरी असेल. त्यांच्यासाठी बल्क क्रॅप अनइन्स्टॉलर आहे. नाव गावंढळ, पण साधन चांगलं, फुकट आणि मुक्त स्रोत. नेहमीच्या यादीत न दिसणारे प्रोग्रामही ते बरेचदा शोधून काढतं. काढून झाल्यावर मागे काय उरलंय ते दाखवतं आणि प्रत्येक नोंदीसमोर ती त्याच प्रोग्रामची असल्याची खात्री किती तेही लिहितं. खात्री चांगली असेल तेवढंच टिक ठेवा, शंकेचं राहू द्या. शंभर केबीचं फोल्डर राहिलं म्हणून कॉम्प्युटर हळू होत नाही. मागे चालणारी सर्व्हिस राहिली तर होतो.

आणि माझ्यासारखं काढणारा प्रोग्रामच उडवून बसला असाल, तर त्याच आवृत्तीचा सेटअप शोधून पुन्हा टाका. उलटं वाटतं, पण गेलेल्या फाइल्स आणि नोंदी परत जागेवर बसतात आणि मग नेहमीच्या रस्त्यानं सगळं एकत्र काढता येतं. मी त्या दिवशी अखेर तेच केलं. सेटअप माझ्याकडे नव्हता. आर्णीच्या एका केंद्रवाल्याच्या पेन ड्राइव्हवर निघाला, एसटीच्या कंडक्टरकडे देऊन त्यानं तो पाठवला. टाकला, रीस्टार्ट केला, सेटिंग्जमधून काढला, पुन्हा रीस्टार्ट केला, सर्व्हिसेसची यादी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. नव्या यंत्राचा दिवा संध्याकाळी साडेपाचला हिरवा झाला.

सकाळचे काका दुसऱ्या दिवशी आले. यंत्रानं पहिल्या दोन वेळा अंगठा घेतला नाही आणि माझ्या पोटात गोळा आला. मग त्यांचा हात पाहिला. पेरणीचे दिवस, बोटाच्या रेघांमध्ये काळी माती बसलेली. ओल्या फडक्यानं पुसून तिसऱ्यांदा ठेवला, तेव्हा घेतला.